आकृतीचें रूप व पाहणाराचा डोळा

संगणकाच्या पडद्यावर आकृति काढण्याचें शिक्षण आतां आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांस दिलें जातें, हें पालकांस ठाऊक आहे. मुलें घरीं जाऊन, आज आम्हीं वर्तुळाला सावली दिली, आज रेषेचे तुकडे केले, असें उत्साहानें सांगतात. आणि ऐकणारांस वाटतें कीं, हा चित्रकलेच्या तासाचाच कांहीं खेळकर प्रकार असावा. वस्तुतः या विषयांत गणित आहे, शिस्त आहे, आणि आमच्या मतें थोडा शेजारधर्महि आहे. शेजारधर्म येथें कोठून आला, तें लेखाच्या उत्तरार्धांत कळेल. आधीं आकृतीला रूप कसें द्यावें, म्हणजे तिचा रंग, कड, सावली व पारदर्शकता कशी ठरवावी, हें क्रमानें पाहूं. मग हें शिकवीत असतां आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगूं. ती न सांगतां हा धडा पुरा होणार नाहीं.

विसराळू पाटी

वेबपानावर चित्रासाठीं जी कोरी चौकट राखतां येते तिला कॅन्व्हास म्हणतात. ॲपल कंपनीनें हा कॅन्व्हास २००४ सालीं प्रथम उपयोगांत आणला. पुढें इतर ब्राउझरांनींहि त्याचा स्वीकार केला. आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजीं एचटीएमएलच्या ज्या पांचव्या आवृत्तीस प्रमाणभूत म्हणून मान्यता मिळाली, तींत त्याचा समावेश होता. या चौकटींत चित्र काढण्याचे हुकूम जावास्क्रिप्ट या भाषेंत द्यावे लागतात. ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत असतां रचली.

कॅन्व्हासचा स्वभाव प्रथम ओळखला पाहिजे. तो पाटीसारखा आहे. आपण पाटीवर खडूनें वर्तुळ काढतों, तेव्हां वर्तुळ आपल्या मनांत असतें; पाटीवर असते ती केवळ खडूची भुकटी. तुझ्यावर किती वर्तुळें आहेत, असें पाटीस विचारलें तर तिला सांगतां येणार नाहीं. कॅन्व्हासचेंहि तसेंच. हुकूम होतांच तो आपल्या बारीक ठिपक्यांस रंग देतो आणि हुकूम विसरून जातो. त्या वर्तुळाचा निळा रंग हिरवा करावयाचा झाला, तर पुसून पुन्हां काढण्यावांचून गत्यंतर नाहीं.

दुसरी अडचण नेमकी याच्या उलट आहे. काढलेली आकृति कॅन्व्हास विसरतो, परंतु हातांतल्या कुंचल्याचा रंग मात्र विसरत नाहीं. एका आकृतीसाठीं तांबडा रंग व जाड रेघ ठरविली, आणि पुढें ती बदलावयास आपण चुकलों, तर नंतरची आकृतिहि तांबडी व जाड कडेचीच निघते. लोणच्याचा चमचा न धुतां दुधांत घालावा, तसा हा प्रकार होतो. हुकुमांची संख्या वाढत गेली म्हणजे चमचा कोठें धुवावयाचा राहिला, हें शोधतांना मोठ्या माणसांच्याहि नाकीं नऊ येतात.

कॅन्व्हासजवळचा कारकून

या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणून लायब्ररी वापरतात. येथें लायब्ररी म्हणजे पुस्तकांची खोली नव्हे. कुणी जाणत्यानें आधीं लिहून व पारखून ठेवलेल्या हुकुमांचा तो संग्रह असतो. अशा लायब्रऱ्या अनेक आहेत. वर्गांत आम्ही कोन्व्हा नांवाची लायब्ररी वापरतों. एरिक रोवेल यांनीं पूर्वीं कायनेटिक नांवाची लायब्ररी लिहिली होती. तिच्या पायावर ॲंटन लाव्हरेनोव्ह यांनीं कोन्व्हा उभारली. ती कोणासहि विनामूल्य मिळते, आणि तिची घडण उघडून वाचतांहि येते.

कोन्व्हाची मुख्य युक्ति अशी कीं, ती प्रत्येक आकृतीची नोंद ठेवते. वर्गाच्या हजेरीपटांत जशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवाची स्वतंत्र ओळ असते, तशी येथें प्रत्येक वर्तुळाची, आयताची व रेषेची स्वतंत्र नोंद असते. तींत आकृतीची जागा, माप व रूप लिहिलेलें असतें. एका ओळींत फेरफार केल्यानें दुसरीस धक्का लागत नाहीं. रंग बदलावासा वाटला तर त्या आकृतीला तसें सांगावें; पुसणें व पुन्हां काढणें हें काम लायब्ररी आपण होऊन करते. पाटी विसराळूच राहते, पण पाटीजवळ आतां एक दक्ष कारकून बसलेला असतो.

या व्यवस्थेंत सर्वांत बाहेर रंगमंच, त्याच्या आंत थर, आणि थरांवर आकृति असतात. प्रत्येक थर म्हणजे एक स्वतंत्र कॅन्व्हासच. एकावर एक कांचा ठेवाव्या तसे हे थर बसतात. थर फार वाढविले तर यंत्र मंदावतें, म्हणून तीन ते पांच थरांत काम भागवावें हें बरें.

आंतला रंग व कड

आतां प्रत्यक्ष धड्यास आरंभ करूं. मुलांस आम्ही पहिली आकृति सांगतों ती अशी:

वर्तुळ. डाव्या कडेपासून अंतर १२०; वरच्या कडेपासून अंतर ८०; त्रिज्या ४०; आंतला रंग फिका निळा; कडेचा रंग काळा; कडेची जाडी १०.

हीं मापें पडद्यावरील ठिपक्यांचीं होत. भूमितीच्या वहींत उभें माप खालून वर वाढतें. येथें तें वरून खालीं वाढतें. शिवाय, वर्तुळाची जागा त्याच्या मध्यबिंदूवरून मोजतात, आयताची मात्र त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावरून. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पहिल्या दिवशीं कित्येकांच्या घरांचीं दारें भिंतीबाहेर जातात.

आंतल्या रंगाला कोन्व्हांत फिल म्हणतात व कडेला स्ट्रोक. दोहोंपैकीं एकहि सांगितला नाहीं, तर आकृति नोंदींत असूनहि डोळ्यांस दिसत नाहीं. "सर, माझें वर्तुळ हरवलें," अशी तक्रार घेऊन मुलें येतात, ती बहुधा यामुळेंच.

कडेविषयीं एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. कड ही आकृतीच्या सीमेच्या केवळ बाहेर बसत नाहीं, तशी केवळ आंतहि बसत नाहीं. ती सीमेच्या दोहों बाजूंस निम्मी निम्मी पसरते. वरील उदाहरणांत त्रिज्या ४० व जाडी १० आहे. म्हणून कड मध्यापासून ३५ वर सुरू होऊन ४५ वर संपते. बाहेरून मोजलें तर वर्तुळाचा व्यास ८० नव्हे, ९० भरतो. आधीं आंतला रंग भरला जातो व मग त्यावर कड बसते. तेव्हां निळ्या रंगाचा दिसणारा भाग ३५ त्रिज्येचाच उरतो. अशीं दोन वर्तुळें परस्परांस नुसतीं टेकावीं असें वाटत असेल, तर त्यांच्या मध्यबिंदूंत ८० चें नव्हे, ९० चें अंतर ठेवलें पाहिजे. हा हिशेब ज्यानें एकदां स्वतः केला, त्याला तो पुन्हां सांगावा लागत नाहीं.

रेषेचीं टोंकें, कोपरे व तुकडे

रेषेचीं टोंकें तीन प्रकारचीं करतां येतात. पहिलें, रेषा जेथें संपते तेथेंच सपाट कापलेलें, दुसरें, अर्धवर्तुळाकार, तिसरें, निम्म्या जाडीइतकें पुढें वाढवून चौकोनी केलेलें. कोपऱ्यांचेहि तीन प्रकार आहेत: अणकुचीदार, गोल व छाटलेला. दोन रेषांमधील कोन फार लहान असला तर अणकुचीदार कोपरा भाल्याच्या पात्यासारखा लांबच लांब जाऊं लागेल. म्हणून त्याला मर्यादा घातलेली आहे. कोपऱ्याच्या आंतल्या टोंकापासून बाहेरच्या अणीपर्यंतचें अंतर रेषेच्या जाडीच्या दहापटीहून अधिक होऊं लागलें, तर कॅन्व्हास ती अणी आपोआप छाटून टाकतो.

तुटक रेषेला डॅश म्हणतात. तिच्यासाठीं दोन अंक सांगावयाचे: एक तुकड्याच्या लांबीचा, दुसरा मधल्या मोकळ्या जागेचा. २० व १० असें सांगितलें म्हणजे वीस ठिपके रेषा, दहा ठिपके मोकळी जागा, असा क्रम शेवटपर्यंत चालतो. येथें एक फसवी जागा आहे. रेषेची जाडी १० असून टोंकें अर्धवर्तुळाकार ठेवलीं, तर प्रत्येक तुकडा दोन्ही अंगांस पांच पांच ठिपके वाढतो. मग मधली दहाची जागा उरतच नाहीं. तुकडे एकमेकांस टेकतात आणि तुटक रेषा अखंड भासूं लागते. अशा वेळीं मोकळी जागा २० सांगावी, म्हणजे डोळ्यांस ती १० दिसेल. सांगितलेलें माप व दिसणारें माप यांत अंतर पडूं शकतें, हा या विषयांतील पहिला मोठा धडा होय.

रंग, पारदर्शकता व सावली

पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणानें होतो. प्रत्येकाचें प्रमाण ० पासून २५५ पर्यंत सांगतां येतें. म्हणजे प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या. २५६ चा घन केला तर १,६७,७७,२१६ येतात. इतके रंग या रीतीनें सांगतां येतात. नित्याच्या सोयीसाठीं शंभराहून अधिक रंगांस नांवेंहि दिलेलीं आहेत. त्यांपैकीं एका जांभळ्या रंगाचें नांव रेबेका या मुलीच्या स्मरणार्थ आहे. वेबपानांच्या रूपाविषयीं ग्रंथ लिहिणारे एरिक मेयर यांची ही कन्या २०१४ सालीं, आपल्या सहाव्या वाढदिवशींच, आजारानें निवर्तली. तिच्या आवडीचा तो रंग. त्याचे अंक १०२, ५१ व १५३ असे आहेत. अंक सर्वांस सारखेच. पण रंग कुणासाठीं तरी असतो, एवढें या नांवावरून मुलांस कळतें.

पारदर्शकता ० पासून १ पर्यंतच्या अंकानें सांगतात. १ म्हणजे पूर्ण गडद, ० म्हणजे पूर्ण अदृश्य, आणि ०.५ म्हणजे खालची वस्तु अर्धी झळकेल असें. येथेंहि लायब्ररीचा कारकून आपली दक्षता दाखवितो. साध्या कॅन्व्हासवर आंतला रंग व कड या दोघांस अर्धी पारदर्शकता दिली, तर कडेच्या आंतल्या निम्म्या भागाखालून फिल डोकावतो आणि एका कडेच्या दोन कडा दिसूं लागतात. कोन्व्हा अशी आकृति प्रथम एका बाजूच्या कॅन्व्हासवर पुरी करते, आणि मग ती सबंध अर्धपारदर्शक करून जागेवर ठेवते; त्यामुळें हा दोष राहत नाहीं.

सावलीसाठीं तिचा रंग, तिचा अस्पष्टपणा आणि ती किती सरकवावी, हें सांगावें लागतें. मुलांस सावली फार आवडते, आणि प्रत्येक आकृतीस निराळ्या दिशेची सावली देण्याचा मोह त्यांस आवरत नाहीं. आम्ही त्यांस मैदानांत नेऊन झाड, खांब व माणूस यांच्या सावल्या पाहावयास सांगतों. सूर्य एक, म्हणून सावल्यांची दिशा एक. चित्रांतहि हाच नियम पाळला कीं चित्र खरें वाटूं लागतें. सावली व एका रंगांतून दुसऱ्या रंगांत हळूहळू जाणारी छटा हीं दोन्हीं बेतानेंच वापरावीं. अस्पष्ट सावली काढण्यास यंत्रास श्रम फार पडतात, आणि पाहणाराचेंहि लक्ष मूळ आकृतीवरून उडतें.

लपलेला कॅन्व्हास

आतां एक नवलाची गोष्ट. कॅन्व्हासला आकृतींची ओळख नसते, असें आम्हीं वर म्हटलें. मग एखाद्या वर्तुळावर बोट टेकवितांच तेंच वर्तुळ उत्तर कसें देतें? कोन्व्हा प्रत्येक थराबरोबर दुसरा एक लपलेला कॅन्व्हास ठेवते. त्यावर त्याच आकृति त्याच जागीं काढलेल्या असतात. फरक इतकाच कीं, तेथें प्रत्येक आकृतीस दुसऱ्या कोणासहि न दिलेला असा एक रंग असतो. बोट जेथें टेकलें त्या ठिपक्याचा रंग लपलेल्या कॅन्व्हासवर पाहावयाचा, आणि हा रंग कोणाचा, हें नोंदींत शोधावयाचें, झाली ओळख. पाहणारास दोन वर्तुळें एकाच रंगाचीं दिसोत, यंत्राला तीं निराळींच दिसतात.

यंत्र केवळ रंगावरून ओळख पटवितें आणि कधीं चुकत नाहीं. माणसाचें तसें नाहीं. हा भेद आम्हांस पुस्तकांतून नव्हे, तर एका मुलाकडून शिकावा लागला.

आमची चूक

शाळेच्या प्रदर्शनासाठीं नववीच्या मुलांनीं कोन्व्हाच्या साहाय्यानें गांवांतील विहिरींचा नकाशा केला होता. विहिरी नऊ, त्यांपैकीं सहांचें पाणी पिण्यास योग्य, तिघींचें अयोग्य. रूप ठरविलें आम्हीं. योग्य विहिरींस हिरवें वर्तुळ, अयोग्य विहिरींस तांबडें. माप एक, कड एक, रंगाचें तेजहि जवळ जवळ एक. नकाशा मोठा सुबक दिसत होता, आणि आम्हांस त्याचा थोडा अभिमानहि वाटत होता.

आदल्या दिवशीं तालीम म्हणून आम्हीं एका मुलास उभें करून विचारलें, "देवळामागच्या रस्त्यानें निघालास आणि तहान लागली, तर कोणत्या विहिरीवर जाशील?" त्यानें पडद्याजवळ येऊन बराच वेळ पाहिलें आणि एका तांबड्या वर्तुळावर बोट ठेवलें. वर्ग हंसला. आम्हींहि, लक्ष कोठें आहे, म्हणून त्याला चार शब्द सुनावले. तो कांहीं न बोलतां जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई प्रदर्शन पाहावयास आली. त्याच नकाशासमोर उभी राहून ती सहज म्हणाली, "सर, याला मिरच्या तोडायला पाठवायची सोय नाहीं बघा. पिकलेली तांबडी मिरची पाल्यांत दिसतच नाहीं याला. लहानपणापासून असंच आहे." आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. मुलाचें लक्ष नीटच होतें. तें आमचें नव्हतें. शिवाय, त्या नकाशावर विश्वासून कुणी खरोखरच पाणी पिण्यास गेला असता तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं मनांतून जाईना.

तांबडा व हिरवा हे रंग परस्परांपासून नीट न ओळखतां येणें, ही गोष्ट विरळा नाहीं. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर सुमारें बारांमागें एकास ती असते. स्त्रियांत ती पुष्कळच कमी. ती बहुधा जन्मतःच असते, व मातेकडून पुत्राकडे येते. तींत बुद्धीचा वा लक्षाचा कांहींहि दोष नसतो. याचें सर्वांत मोठें उदाहरण रसायनशास्त्राच्या पुस्तकांतून आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. अणुवादाचे आचार्य जॉन डाल्टन (१७६६-१८४४) यांची दृष्टि अशीच होती. ते क्वेकर पंथाचे धर्मनिष्ठ गृहस्थ असून तरुणपणीं शाळामास्तर होते. १७९४ सालीं त्यांनीं मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढें आपल्याच दृष्टीविषयीं निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, म्हणून असें होतें, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळून पाहण्यासाठीं मृत्यूनंतर आपले डोळे तपासावे, असें त्यांनीं सांगून ठेवलें. तपासणींत द्रव स्वच्छ निघाला, आणि तर्क खोटा ठरला. परंतु डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले होते. १९९५ सालीं त्यांची आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हां हिरव्या प्रकाशाच्या जाणिवेस लागणारें द्रव्य त्यांच्या डोळ्यांत नव्हतें असें आढळून आलें. स्वतःचें उणेपण न लपवितां त्याचा अभ्यास मांडणाऱ्या या शिक्षकापुढें आमची मान खालीं गेली.

दुरुस्ती

सोमवारीं वर्ग भरतांच आम्हीं सर्वांसमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली, आणि नकाशा पुन्हां उघडला. येथें लायब्ररीच्या नोंदवहीचा खरा उपयोग कळला. विहिरींच्या जागा तशाच राहिल्या. बदललें तें केवळ रूप. योग्य पाण्याच्या विहिरींस जाड व अखंड कड दिली, आंत गडद निळा रंग भरला. अयोग्य विहिरींस आंत पांढरा रंग, कड तुटक, आणि वर्तुळांत दोन तिरप्या रेषांची फुली. प्रत्येकीखालीं "पिण्यास योग्य" किंवा "पिऊं नये" असे शब्द लिहिले. कड तुटक करतांना एका मुलीनें टोंकें अर्धवर्तुळाकार ठेवलीं, आणि वर सांगितल्याप्रमाणें कड अखंड दिसूं लागली. तेव्हां दुसऱ्यांनींच ती चूक हेरून मोकळी जागा वाढविली.

मग आम्हीं नकाशाचे सर्व रंग काढून तो करड्या छटांत पाहिला. नऊहि विहिरी स्पष्ट ओळखूं येत होत्या. त्या मुलास पुढें बोलाविलें. त्यानें न अडखळतां सहा विहिरी दाखविल्या, आणि मागें वळून म्हणाला, "सर, रस्ता आणि ओढा मात्र अजून सारखेच दिसतात." तें खरें होतें, आम्हांपैकीं कोणाच्याहि ध्यानांत आलें नव्हतें. रस्ता आम्हीं तपकिरी काढला होता, ओढा हिरवट, आणि जाडी दोहोंची एकच. आतां रस्ता दुहेरी रेषेचा आहे. तेव्हांपासून वर्गांतील कोणतेंहि चित्र त्या मुलानें पाहिल्यावांचून पुरें झालें असें आम्ही मानीत नाहीं.

आमची ही चूक कांहीं नवी नव्हती. वेबपानें सर्वांस सुलभ असावीं यासाठीं जे नियम ११ डिसेंबर २००८ रोजीं जाहीर झाले, त्यांतच असें सांगितलें आहे कीं, कोणतीहि माहिती केवळ रंगाच्या द्वारें देऊं नये. २०१८ च्या सुधारलेल्या नियमांत आणखी असें आहे कीं, चित्र समजण्यास आवश्यक अशा भागांचें व त्यांच्या शेजारच्या रंगाचें तेज निदान तीनास एक या प्रमाणांत वेगळें असावें. पांढऱ्यावर फिका पिवळा रंग या कसोटीस उतरत नाहीं; काळा, गडद निळा व गडद तपकिरी हे सहज उतरतात. आणि ज्यांस मुळींच दिसत नाहीं, त्यांस पानावरील मजकूर वाचून दाखविणारें यंत्र कॅन्व्हासवरील चित्र वाचूं शकत नाहीं. त्याला तेथें नुसते ठिपकेच आढळतात. म्हणून चित्राचा सारांश शब्दांत लिहून चित्राबरोबर ठेवणें हेंहि चित्रकाराचें कर्तव्य आहे.

विद्यार्थ्यांस चार शब्द

सुटींत जे विद्यार्थी या विषयाचा अभ्यास करतील, त्यांनीं पुढील क्रम पाळावा. प्रथम, आकृति काय सांगणार आहे तें एका वाक्यांत कागदावर लिहावें. नंतर रंग न वापरतां, केवळ कडेची जाडी, अखंड वा तुटक रेषा, आकार व शब्द यांनीं तें सांगतां येतें का, हें पाहावें. तें साधलें म्हणजे मग रंग भरावा. रंगानें अर्थ अधिक लवकर पोंचतो व चित्रास शोभाहि येते. सावली व पारदर्शकता सर्वांत शेवटीं, आणि मोजकीच. अखेर चित्र घरांतील दोघांतिघांस दाखवावें, विशेषतः आजीआजोबांस, आणि त्यांस काय दिसतें तें आपण न सुचवितां विचारावें.

पालकांस विनंति एवढीच कीं, एखादें मूल रंगांत वारंवार चुकत असेल, तर त्याला हंसूं नये व रागावूंहि नये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्याची तपासणी करवावी, आणि तें शाळेस कळवावें. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईनें सहज बोललेलें एक वाक्य आम्हांस नकाशाच्या आधीं ऐकावयास मिळतें, तर त्याला वर्गासमोर मान खालीं घालावी लागली नसती.

कॅन्व्हासजवळचा कारकून प्रत्येक आकृतीचें रूप बिनचूक लक्षांत ठेवतो. पण तें रूप पाहणार कोण, हें त्याच्या नोंदवहींत नसतें. ती नोंद आपणच ठेवली पाहिजे. देवानें सर्वांस डोळे दिले, पण सर्वांची दृष्टि एकसारखी केली नाहीं. ज्याला आपल्यासारखें दिसत नाहीं त्याच्यासाठीं एक रेष अधिक जाड करणें, एक शब्द अधिक लिहिणें, एवढ्या अल्प श्रमानें त्याची तहान सुरक्षित भागते. तेवढे श्रम आमच्या शाळेचा प्रत्येक विद्यार्थी आनंदानें करील, अशी आम्हांस खात्री आहे.